लाडूतला बेदाणा

प्रश्न : आमचा कुत्रा मोती सात वर्षांचा, गावठी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून पलंगाखाली थरथरत बसतो. सासूबाई त्याला बेसनाचा लाडू भरवतात, 'वर्षाचा सण, त्याचंही तोंड गोड होऊ दे' म्हणतात. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पलंगाखाली बसू दे. ओढून काढू नका, जुनी गोधडी तिथंच सरकवा. खिडक्या लावा, पंखा-टीव्ही चालू ठेवा. फिरवणं उजेड असतानाच, आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच. बिथरलेला कुत्रा दिसेल त्या वाटेनं पळतो. माणसांची झोपेची गोळी मात्र अजिबात नको. औषध लागणार असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना दाखवा.

मला काळजी लाडूची जास्त. सांगलीचा लाडू म्हणजे वर बेदाणा असणारच! बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर बाधेल हे आधी सांगता येत नाही. खाल्लाच तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन. मिठाचं पाणी पाजू नका. चॉकलेटही वाईटच.

माझ्याच कुत्रीनं, राणीनं, एकदा शंकरपाळ्यांचा डबा फस्त केला होता. पाडवा मी फरशी पुसत काढला. सासूबाईंच्या हाती उकडलेलं अंडं द्या. मोती तक्रार करणार नाही.