नव्या नोकरीत तीन आठवडे झाले, तरी कुणी जवळ करत नाही

“ताई, माझ्यातच काही खोट आहे का? सोडून देऊ नोकरी?”

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, दिवाळीनंतर लागलेला २३ वर्षांचा मुलगा. डिप्लोमा झालेला, कामाला चोख. पण दहा वाजता वजनकाट्याजवळ चहा यायचा, त्यात याच्यापुरता कप नसायचा.

मी विचारलं, “चहा बंद कधीपासून झाला?” तो थबकला. म्हणजे आधी मिळत होता.

मग हळूहळू निघालं. पहिल्याच आठवड्यात कापसाची गाडी आली. कापसाची प्रत ठरवणाऱ्या जुन्या ग्रेडरकाकांनी मूठभर कापूस दाबला आणि ओलाव्याचा टक्का सांगितला, “नऊ.” याने ओलावा मोजायचं मीटर खुपसलं आणि शेतकऱ्यांदेखत मोठ्याने सांगितलं, “अकरा!” आकडा याचा बरोबर होता. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर तर सीसीआय, म्हणजे कापूस खरेदी करणारं सरकारी महामंडळ, कापूस घेतच नाही. दोन टक्के लहान गोष्ट नाही. पण इतक्या हंगामांत काकांचा शब्द कधी खाली पडला नव्हता, तो त्या दिवशी चारचौघांत पडला.

खोट मुलात नव्हती. काय कुठे बोलायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला विचारून मी मालकांना भेटले. ते म्हणाले, “शिकलेलं पोरगं, त्याले काय सांगाचं?” मला वाईट वाटतं ते इथेच. नव्या माणसाला रेचे (सरकी काढायची यंत्रं), गाठी बांधायची प्रेस, गोदाम सगळं फिरवून दाखवतात. अडलं तर कुणाला विचारायचं, तेवढं सांगत नाहीत. मी एकच मागितलं: महिनाभर याला काकांच्या हाताखाली द्या.

मुलाला म्हटलं, नुसती माफी मागू नकोस, त्यांचं काम त्यांना विचार. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “काका, हाताले कसं समजते?” काका जरा वेळ गप्पच. मग त्याच्या मुठीत कापूस कोंबला. “दाब. आता सोड. फुलला तं सुका, गोळा राह्यला तं ओला. सरकी चावून पाह्य, कट्ट वाजली पाह्यजे.”

मुकादम अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. त्याला वेळ लागेल. पण आता आधी काकांची मूठ, मग मीटर. फरक आला तर दोघं बाजूला जाऊन बोलतात आणि शेतकऱ्याला खरा आकडाच सांगतात. जानेवारीत एका गाडीपाशी काकांनीच हाक मारली, “बाबू, तुही मशीन आण बरं, मले शंका आहे.”