वहीतली 'बाकी'

"मॅडम, न वाचलेल्या पुस्तकांनी कपाट भरलंय आणि हातात घेतलेली मालिका काही संपत नाही. माझं वाचनच सुटलं का?" ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसे आता बरीच भेटतात. त्यांपैकी नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांची हकिगत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी हिशेब विभागात. पहिल्या भेटीला त्यांनी एक रेघी वही आणली होती. डावीकडे पुस्तकाचे नाव, मध्ये खरेदीची तारीख आणि उजव्या रकान्यात लाल शाईने 'बाकी', अशी एकूण १३७ पुस्तके होती. खरा सल मात्र चौदा खंडांच्या एका इंग्रजी कादंबरीमालिकेचा होता. तिच्या सहाव्या खंडात, २१२ व्या पानावर, बसचे तिकीट गेली दोन वर्षे खूण म्हणून अडकून पडले होते. दुसरे पुस्तक उघडले की 'आधी ते संपव' असे मन बजावत असे, त्यामुळे तेही मिटले जाई आणि रात्र मोबाइलवर जाई. तरीही ग्रंथप्रदर्शन लागले की चार पुस्तके घरी येतच.

झोप, भूक आणि इतर गोष्टींतला रस यांची मी आधी चौकशी केली, कारण एकाग्रता कमी होण्यामागे कधी नैराश्यही असते. येथे तसे काही आढळले नाही. मग मी विचारले, "ही बाकी नेमकी कुणाची देणी आहे?" ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पाच खंड वाचलेत हो, आता सोडायचं तर ते वायाच गेले ना!" बुडीत खात्यात आणखी पैसे घालू नयेत हे दुसऱ्यांना समजावणारा माणूस स्वतःच्या संध्याकाळी त्याच खात्यात घालत होता. हे मी बोलून दाखवले तेव्हा ते हसले, पण पटले मात्र नाही.

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडले की, मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. पुढच्या प्रयोगांत हा निष्कर्ष दर वेळी मिळाला नाही, त्यामुळे त्यावर मी फार भार देत नाही. मला अधिक उपयोगी वाटते ते मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचे २०११ मधील संशोधन: काम पुरे झाले नसले तरी ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत ठरला की त्याचे मनात घोळणे कमी होते. म्हणजे टोचत असतो तो बहुधा न झालेला निर्णय.

म्हणून 'बाकी'च्या जागी तीनच शेरे लिहायचे ठरले: 'आता', 'पुढे', 'बंद'. 'आता'मध्ये दोनच पुस्तके असतील आणि 'बंद'पुढे कारण लिहायचे नाही, एवढ्या दोन अटी मी घातल्या. मालिकेत अडण्याचे दुसरे कारण अगदी साधे होते. दोन वर्षांत पात्रे विसरली होती. मागचे पाच खंड पुन्हा वाचण्याऐवजी त्यांनी आठवेल तेवढे कथानक एका पानावर उतरवले आणि सहाव्यापासून प्रत्येक खंडाच्या शेवटी तसेच पान लिहायचे ठरवले. खरेदीला आवर म्हणून त्यांनी नाशिकच्याच सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व घेतले. १८४० पासून चालत आलेल्या या वाचनालयाचे पुस्तक ठरल्या मुदतीत परत करावे लागते, आणि तारखा पाळणाऱ्या माणसाला ते बरे मानवते.

सहावा खंड दीड महिन्यात संपला. सातव्याची साठ पाने वाचून त्यांनी मालिकेपुढे 'बंद' लिहिले. त्यानंतरच्या भेटीत मी वही पाहिली तेव्हा अकरा नावांपुढचा रकाना कोराच होता. "ही राहू देत का अशीच?" त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हटले.