हात मागे का आला?

"मॅडम, पोरगी मैदानाचं नावच काढीना. बळंच पाठवू का खेळ सोडू देऊ?"

परभणीजवळच्या एका गावात कृषी केंद्र चालवणारे वडील हे विचारत होते, तेव्हा त्यांची तेरा वर्षांची लेक शेजारच्या खुर्चीत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उंच म्हणून सरांनी तिला शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर केलं आणि ती त्यात रमलीही. मग शालेय जिल्हास्तरीय सामन्यात छातीच्या उंचीवर सरळ अंगावर आलेला चेंडू तिच्या हातांतून निसटला. संघ १-० ने हरला. कुणीतरी मोबाईलवर टिपलेलं ते दृश्य वर्गाच्या ग्रुपवर फिरलं. गाडीवरून घरी येताना वडील वाटभर एकच विचारत राहिले, "एवढा सोपा बॉल सुटला कसा?"

"तिचा कॉन्फिडन्सच गेलाय," ते म्हणाले. हे वाक्य पालकांकडून मी फार ऐकते आणि दर वेळी जरा थांबते. मी तिला म्हटलं, "हात दाखव बरं."

ओढणी सुटली. उजव्या हाताच्या अनामिकेचं शेवटचं पेर खाली झुकलं होतं, ते तिला स्वतःहून सरळ करता येत नव्हतं. सामन्याच्या तीन दिवस आधी सरावात चेंडू बोटाच्या टोकावर आदळला होता. मैत्रिणीने बोट ओढून "बसवलं". घरी सांगितलं तर खेळ बंद होईल, म्हणून ती गप्प राहिली.

मुचकलेलं म्हणून असं बोट कधीही ओढू नये, चोळू नये. टोक सरळ धरणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटली की पेर असं झुकतं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग कोवळा असतो, त्यालाही इजा झालेली असू शकते, म्हणून एक्स-रे हवाच. तिच्या एक्स-रेत हाड शाबूत निघालं. अस्थिरोगतज्ज्ञांनी बोट सरळ ठेवणारी पट्टी लावली: सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. आंघोळीच्या वेळीही पेर वाकू द्यायचं नाही, वाकलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

वडिलांना मी सांगितलं, "भाऊ, दुखणं असताना खेळ सोडायचा की नाही हे ठरवायचं नाही. बोट बरं होऊ द्या, मग तिलाच विचारू." आणि गाडीवर सामन्याचा विषय काढायचा नाही, भूक लागली का एवढंच विचारायचं. हे त्यांना जड गेलं, पण त्यांनी पाळलं.

तिच्याशी बोलताना मात्र मला वेगळंच कळलं. सामन्यात हात मागे आला तो क्षण तिने "मी भित्री आहे" असा मनात कोरून ठेवला होता. दुखरं बोट शरीराने वाचवलं होतं, आणि त्याची शिक्षा ती स्वतःला देत होती. मी तिला सोव्हिएत संघाचा गोलकीपर लेव यशिन याची गोष्ट सांगितली. १९६२ च्या चिलीतल्या विश्वचषकात कोलंबियाने त्याच्यावर चार गोल केले, त्यातला एक थेट कॉर्नरवरून. मायदेशी त्याच्यावर खूप टीका झाली. पुढच्याच वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ऑर पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार मिळालेला आजवरचा एकमेव गोलकीपर तोच. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "त्याच्या घरचे काय म्हणले असतील?" तिथून ती खरी बोलायला लागली.

पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. बोट बरं झालं, भीती गेली नव्हती. चेंडू येताच हात अजून मागे जायचा. सरांनी मनापासून साथ दिली. आधी स्पंजचा चेंडू, गुडघ्यांवर बसून. मग हातांनी हळू फेकलेला, मग लाथेने मारलेला, आणि अकरा मीटरवरची पेनल्टी सगळ्यांत शेवटी. दर वेळी ती शून्य ते दहामध्ये भीतीचा आकडा सांगायची. तो तीनच्या खाली आला तरच पुढची पायरी. सूर मारायचा सराव भेगाळलेल्या काळ्या मातीवर नको, असं मी बजावलं होतं. सरांनी सोयाबीनच्या भुशाची पोती अंथरली. कोपर आणि कंबरेचं हाड टेकवून न पडता मांडी, कूस, खांदा अशा क्रमाने अंग जमिनीला लावायला ती तिथेच शिकली. डोक्याला मार लागला तर मात्र त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे जायचं, हा नियम सरांनी सगळ्या मुलींना लावला.

जानेवारीत ती पुन्हा सामना खेळली. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्यांनी फक्त भूक लागली का एवढंच विचारलं होतं म्हणे. मग तिने फोन घेतला. "मॅडम, दोन गोल झाले. पहिला माझा नव्हता, डिफेन्स उघडा होता. दुसरा माझा होता, मी एक पाऊल उशिरा निघाले. उद्या सरांना तेच करून दाखवा म्हणणारे."