पक्ष्यांना पाव घालावा का?

प्रश्न : रविवारी सकाळी आम्ही नातवंडांना घेऊन रंकाळ्यावर जातो. मुले पाण्यातल्या पक्ष्यांना पाव आणि फरसाण टाकतात. परवा एका गृहस्थांनी त्यांना हटकले. मुक्या जीवाला घास घालणे हे पुण्याचेच काम ना?
– एक आजोबा, शिवाजी पेठ

उत्तर : आपला हेतू निर्मळ आहे, यात शंका नाही; पण त्या गृहस्थांचे म्हणणे बरोबर आहे. पाणपक्षी पाणवनस्पती, किडे, गोगलगायी आणि लहान मासे खाऊन जगतात. पावाने त्यांचे पोट भरते, पोषण होत नाही आणि फरसाणातले मीठ तर त्यांना अपायच करते. उरलेले अन्न पाण्यात कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि सांडपाणी व निर्माल्य यांचा भार आधीच सोसणाऱ्या तलावात शेवाळाला व जलपर्णीला आयते खत मिळते. शिवाय जिथे रोज खाणे पडते तिथे कावळे आणि भटकी कुत्री जमतात व पिल्लांवर टपून बसतात.

मुलांचा आनंद हिरावून घ्या, असे मात्र मी सांगणार नाही. पाव घरी ठेवा आणि एखादी साधी दुर्बीण सोबत न्या. काठापासून थोडे लांब, एका जागी शांत बसलात तर मुठीएवढी तपकिरी टिबुकली बुडी मारताना दिसेल. ती नेमकी कुठे वर येईल हे ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. पाणवनस्पतींचे तरंगते घरटे करून ती अंडी घालते आणि धोका जाणवला की घरट्यावरून उतरण्यापूर्वी ओली पाने चोचीने ओढून अंडी झाकून टाकते. कोणी एकदम जवळ गेले तर तिला तेवढीही सवड मिळत नाही आणि उघडी अंडी कावळ्यांच्या नजरेला पडतात. आपल्यामुळे पक्ष्याला हातचे काम सोडावे लागले, म्हणजे आपण फार जवळ गेलो असे समजावे. मुलांना एवढी एक खूण शिकवलीत तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : कळंबा तलावाजवळच्या माळावर टिटवीची अंडी सापडली आहेत. माझ्या भाच्याला जवळून छायाचित्रे घ्यायची आहेत. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, कळंबा

उत्तर : जवळून छायाचित्रे घेऊच नयेत. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये मिसळून जाणारी अंडी घालते. उन्हाच्या तडाख्यात नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतात. म्हणून भर दुपारी त्यांना थोडा वेळ जरी दूर ठेवले तरी आतला जीव दगावू शकतो. टिटवी ओरडत डोक्यावरून झेपावू लागली, तर आल्या पावली, पायाखाली पाहत मागे फिरावे. भाच्याने लांब पल्ल्याची लेन्स वापरावी, पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवू नये आणि घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर मुळीच सांगू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच मोडते, हेही त्याला जरूर सांगा. माळावर कुत्रा फिरवायला नेत असाल तर त्याचा पट्टा हातातच ठेवावा.

प्रश्न : शेतात किंवा वस्तीजवळ गवा आला तर काय करावे?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : आपल्या तालुक्याला हे सांगण्याची गरज कमीच असावी, गव्यांसाठी 1958 मध्ये घोषित झालेले दाजीपूरचे अभयारण्य आपल्याच अंगणात आहे. गवा एरवी माणसाला टाळतो. त्याची वाट अडली, गर्दीने आरडाओरडा केला किंवा कुत्री मागे लागली की तो बिथरतो. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्यामागे लोकांचा घोळका धावला. जीव घेऊन पळणाऱ्या त्या जनावराला पकडण्यात आले खरे, पण ते वाचले नाही. म्हणून गवा दिसला की मोबाइल घेऊन पुढे जाऊ नका. मुलांना घरात घ्या, कुत्री बांधा, गव्याला रानाकडे परतण्याची वाट मोकळी ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा.