जखम भरत नाही, तर आधी पाय बघा

आईंच्या पायावरच्या जखमेवर कुठलं मलम चांगलं, हे तुम्ही विचारलंत. मलमाचं नंतर बघू. जखम महिना-दीड महिन्यात भरत नसेल, तर तिच्यामागचं कारण आधी शोधायला हवं.

जखम नेमकी कुठे आहे? घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर, उथळ, सारखी पाझरणारी; भोवतालची कातडी तपकिरी, कडक, संध्याकाळी पायाला सूज; असं असेल तर बहुधा शिरांचा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नळ्यांचा दोष. शिरांमधल्या झडपा निकामी झाल्या की रक्त खालीच साचतं. पायावरचे जुनाट व्रण बहुतेक याच जातीचे. इथे खरं काम घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणं करतं.

पण थांबा, पट्टी आपल्या मनाने बांधू नका. पाऊल गार, बोटांवर खोल जखम, रात्री ठणका आणि पाय खाटेखाली सोडला की बरं वाटणं, ही धमनी, म्हणजे पायाला रक्त पुरवणारी नळी, अरुंद झाल्याची लक्षणं. अशा पायाला घट्ट पट्टी म्हणजे उरलासुरला रक्तपुरवठाही तोडणं. म्हणून आधी डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली म्हणजे धमनीत अडथळा, ०.५ च्या खाली म्हणजे लगेच रक्तवाहिन्यांचे सर्जन गाठा.

तळव्याला, घट्ट्याखाली, न दुखणारी जखम असेल तर मधुमेह तपासाच. असा बधिरपणा कुष्ठरोगानेही येतो, लाजू नका. जखमेच्या कडा उंचावत चालल्या तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते; बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) टाळू नका.

आणि जखमेवर हळद, तंबाखूची पूड लावणं आजपासून बंद.