टाचा टेकव!

वाचकांचे प्रश्न : लहान मुलांबरोबर घरात सुरू करायच्या छोट्या प्रथा

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे, मुलगी दीड वर्षाची. आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलांच्या गाठीशी काही खास आठवणी असाव्यात म्हणून दर महिन्याचा पहिला रविवार ‘आपला दिवस’ ठरवला. घर सजवायचं, सगळ्यांनी सारखे कपडे घालायचे, खेळ, फोटो. दोन महिने झालं. तिसऱ्या महिन्यात मुलगी आजारी, चौथ्यात मी दमलेली, आणि बारगळलं ते बारगळलंच. मुलाने तर एकदाही आठवण काढली नाही. आमचं काय चुकलं? आणि धाकटीला यातलं काहीच आठवणार नसेल, तर तिच्यासाठी हे करण्यात अर्थ आहे का? – एक आई

उत्तर : तुमची हौस खरी आहे, ती सोडू नका. घाट मात्र फार मोठा घातलात. मी २३ वर्षं बालवाडीत शिकवलं, घरी दोन मुलं वाढवली. त्यातून एक कसोटी माझ्यापाशी उरली आहे. घरात कुणाला ताप आहे, लाइट गेलेत, दिवस अगदी वाईट गेलाय, अशा दिवशीही जे दहा मिनिटांत उरकता येतं तेच टिकतं. मुलाने आठवण काढली नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या रविवारी सगळं तुम्हीच करत होतात, त्याच्या हातात काहीच नव्हतं. चार वर्षांच्या मुलाला त्याचं स्वतःचं काम लागतं. दिवा घालवणं, घंटा वाजवणं, पहिला शब्द बोलणं, काहीही.

आमच्या घरचं सांगते. वाढदिवसाच्या सकाळी दाराच्या चौकटीला मुलांना उभं करून उंची मोजायची, एवढंच आम्ही करायचो. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरायचं, त्याच्या खाली पेन्सिलने रेघ ओढायची, बाजूला तारीख. धाकटा तीन वर्षांचा असताना श्वास रोखून, मान ताणून, हळूच चवड्यांवर चढायचा. थोरलीला ते दिसलं. ती जमिनीवर पालथी पडली, गाल फरशीला टेकवून त्याच्या पायांकडे बघितलं आणि ओरडली, “टाचा! टाचा टेकव!” पुढच्या वर्षी आम्ही पुस्तक हातात घेतलं, तर ती आधीच फरशीवर पालथी. ते तिचं काम ठरलं. त्यानंतर तिच्या ओरडण्याशिवाय एकही रेघ ओढली गेली नाही. आज तिच्या स्वतःच्या मुलीची उंची मोजताना मामा फरशीवर आडवा होतो आणि तेच दोन शब्द ओरडतो. आम्ही ठरवली होती ती उंची मोजण्याची प्रथा. मुलांनी धरून ठेवली ती टाचांची.

हे करणार असाल तर दोन-तीन गोष्टी लक्षात घ्या. सकाळीच मोजा. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या थोड्या दबतात आणि संध्याकाळी उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी भरते. मूल नेमकं तेवढ्यावरून हिरमुसतं. दर महिन्याला मोजू नका. वयाच्या चौथ्या वर्षानंतर मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा, त्यात बघण्यासारखं काही नसतं. वर्षातून एकदा मोजलंत की रेघांमध्ये चार बोटांचं अंतर पडतं आणि मूल मागे वळून त्या अंतरावरून हात फिरवतं. धाकटीला अजून उभं करून नीट मोजता येणार नाही. तिच्या पंजाचा ठसा घ्या. आणि कृपा करून चौकटीवर मोजू नका. आम्ही ते भाड्याचं घर सोडलं तेव्हा सामान गाडीत चढलं होतं आणि मी रिकाम्या खोलीत कागदावर तारखा आणि आकडे उतरवून घेत होते. आकडे आले, रेघा तिथेच राहिल्या. मला ते अजून लागतं. जाड सुती कापडाची दोन मीटरची पट्टी घ्या, वरच्या टोकाला फास शिवा, न पुसणाऱ्या पेनाने खुणा करा. त्या दिवशी खिळ्याला टांगायची, तळ फरशीला टेकतोय ना ते बघायचं, मोजून झालं की घडी घालून कपाटात. घर बदललं तरी पट्टी तुमच्याबरोबर येते.

त्याच सकाळी मुलाला पाच प्रश्न विचारा, दर वर्षी तेच, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, व्याकरण न सुधारता. ‘मोठेपणी कोण होणार?’ याला माझ्या मुलाचं तिसऱ्या वर्षीचं उत्तर होतं, “जिना.” का, तर जिन्यावर सगळे येतात. हे मी लिहून ठेवलं नसतं तर आज आम्हा कुणालाच आठवलं नसतं.

महिन्याला काही हवंच असेल तर पौर्णिमेला चंद्र बघायला जा. लहान मुलांच्या घराला हे फार सोयीचं आहे, कारण पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो, मुलांच्या झोपेच्या आधी. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो. गच्ची, अंगण, खिडकी, जिथून दिसेल तिथून बघा. काहीतरी ठरावीक बोला, मग घरात या. ढग असले तरी जायचं आणि ढगालाच तेच म्हणून यायचं. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस असतात. चौथ्या-पाचव्या खेपेला मुलगा स्वतःहून सांगायला लागेल की चंद्र अजून भरला नाही.

आता धाकटीविषयी. मोठ्या माणसांच्या सगळ्यात जुन्या आठवणी बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. तेव्हा हो, यंदाचं तिला आठवणार नाही. पण प्रथा परत येते. चौथ्या वर्षी आठवण धरायला ती तयार होईल, तेव्हा तिच्या हाताशी काही असायला हवं. तिच्यासाठी ही दोन वर्षं तुम्ही सवय लावून घेताय असं समजा. आणि त्या वयात तिला आठवत नसलं तरी मजा कळते, हे तुम्हीच रोज बघत असाल.

प्रश्न : कामासाठी महिन्यातले वीस-बावीस दिवस मी बाहेर असतो. मुलगी पाच वर्षांची आहे. घरातल्या सगळ्या गमती माझ्या माघारी होतात. आलो की खेळणं आणतो, तेवढ्यापुरती खूश. बाबाची म्हणून काही प्रथा असू शकते का? – एक बाबा

उत्तर : नक्कीच, आणि ती तुमच्या येण्याजाण्यावरच बांधा. निघण्याच्या आदल्या रात्री दोघं मिळून रंगीत कागदाच्या पट्ट्यांची साखळी करा, जितके दिवस तितक्या कड्या. रोज रात्री तिने एक कडी फाडायची. पाच वर्षांच्या मुलीला ‘वीस दिवसांनी येतो’ हे कळणं अवघड असतं. त्या वयात ‘काल’ आणि ‘उद्या’चाही कधी कधी घोळ होतो. साखळी आखूड होताना मात्र डोळ्यांना दिसते. येणं पुढे ढकललं तर फोनवर तसं सांगा आणि तिलाच नव्या कड्या जोडू द्या. तिच्या नकळत कुणी जोडू नये, तिचा साखळीवरचा विश्वास जाईल.

आल्यावर खेळण्याऐवजी खिशातून एकच सापडलेली वस्तू काढा. दगड, पान, पक्ष्याचं पीस, वापरलेलं तिकीट. ती कुठे सापडली ते तिथेच दारात बसून सांगा. तुमच्याकडे फार वेळ नाही, तर मी हाच वेळ घट्ट धरेन.

आणि तुमच्या लहानपणच्या गोष्टी सांगा. एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस प्रश्न काढले होते. आईबाबा कसे भेटले माहीत आहे का, ते कुठे वाढले, अशासारखे. घरच्या गोष्टी ज्यांना जास्त ठाऊक होत्या त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त आढळला. पण ड्यूक यांनीच बजावलं आहे की मुलांकडून उत्तरं पाठ करून घेऊन काही होत नाही. माणसं एकत्र बसून सांगतात, ऐकतात, त्यात ते आहे. तुमची फजिती झालेली गोष्ट आधी सांगा. मुलं तीच पुन्हा मागतात, आणि फोनवरही ती तितकीच रंगते.

प्रश्न : नातू सात वर्षांचा. रोज रात्री दिवा घालवण्याआधी तो दिवसातली एक हसवणारी आणि एक टोचलेली गोष्ट मला सांगायचा. गेल्या महिन्यापासून म्हणतो, “आजी, मी आता मोठा झालो, मला नको.” मी काय करू? – एक आजी

उत्तर : आग्रह करू नका, आणि दुखावल्याचं दाखवूही नका. सातव्या वर्षी हे होतंच. त्याला सांगा, आता तू मोठा झालास, तर आजपासून तू विचारायचं आणि मी सांगायचं. पहिल्या रात्री तो बहुधा काहीच विचारणार नाही. तुम्ही दिवा घालवा आणि झोपा. एखाद्या रात्री अंधारातून प्रश्न आलाच, तर त्या दिवशी तुम्हाला खरोखर जे टोचलं असेल तेच सांगा.