मुलाच्या वर्गातील सगळ्यांच्या घरी नाताळचा एल्फ येतो. आम्हीही तो आणावा का?

आपण या वर्षी अमेरिकेत आलात, मुलगा पाच वर्षांचा आहे, वर्गातील मुले रोज सकाळी आपापल्या घरच्या एल्फच्या खोड्या सांगतात आणि तो घरी येऊन ‘आपल्याकडे का येत नाही?’ असे विचारतो. हा प्रकार नक्की काय आहे, त्यात पडावे का आणि डिसेंबरचे दहा दिवस उलटून गेल्यावर आता उशीर झाला आहे का, असे आपण विचारले आहे. आम्ही अटलांटाच्या एका उपनगरात राहतो आणि एल्फ म्हणजे सांताक्लॉजचा बुटका मदतनीस म्हणून घरात बसवायचा बाहुला; आमच्याकडे तो गेली सात वर्षे येतो आहे, म्हणून अनुभवातून लिहितो. आणायला हरकत नाही, पण सांताकडे मुलांच्या चहाड्या करण्याचे त्याचे काम बंद करावे, असे माझे मत आहे.

अनेकांना ही फार जुनी ख्रिस्ती परंपरा वाटते, पण आज घरोघरी दिसणारा लाल कपड्यांतला, लांब हातापायांचा बाहुला २००५ सालचा आहे. आमच्याच जॉर्जिया राज्यातील कॅरोल एबरसोल्ड आणि त्यांची कन्या चँडा बेल यांनी ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ हे पुस्तक लिहिले, प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच छापले आणि त्याच खोक्यात बाहुला घालून विकले. त्यांच्या घरी फिस्बी नावाचा असाच एक बाहुला पूर्वीपासून होता, त्यावरून ही कल्पना सुचली. २०१२ साली थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या न्यूयॉर्कमधील मिरवणुकीत त्याचा प्रचंड फुगा उडाला, यावरून सात वर्षांत तो कुठवर पोहोचला हे लक्षात येईल. तेव्हा कोणाच्या धर्मात आपण लुडबूड करतो आहोत, असा संकोच बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. पुस्तकासह हा बाहुला साधारण ३० डॉलरांना पडतो. आमच्या एका शेजारणीने मात्र जुन्या लाल मोज्यात कापूस भरून आपला एल्फ घरीच शिवला आणि तो आमच्यापेक्षा देखणा आहे.

पुस्तकातील नियम थोडे आहेत. मुलांनी एल्फला नाव ठेवले की त्याच्यात जादू येते. तो दिवसभर एका जागी बसून घरातले वागणे पाहतो, रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताक्लॉजला अहवाल देतो आणि पहाट होण्यापूर्वी परत येऊन दुसऱ्याच जागी बसतो. मुलांनी त्याला हात लावला तर जादू जाण्याचा धोका असतो, आणि नाताळच्या आदल्या रात्री तो वर्षभरासाठी निघून जातो. रोज रात्री जागा बदलण्याचे काम अर्थातच आपले. त्याच्या खोड्यांची चढाओढ नंतर पालकांनी वाढवली.

आता चहाडीविषयी. पहिल्या वर्षी आम्ही सगळे पुस्तकाप्रमाणे केले. एका संध्याकाळी मुलीच्या हातून दुधाचा पेला सांडला, तेव्हा तिने आमच्याकडे पाहण्याआधी फडताळाकडे पाहिले आणि मग हळू आवाजात विचारले, ‘त्याला दिसले का?’ मला त्या क्षणी माझ्या लहानपणचा बागुलबुवा आठवला, आणि तो निदान माळ्यावर राहत असे, दिवाणखान्यात बसून टिपणे घेत नसे. पुढे वाचनात आले की कॅनडातील लॉरा पिंटो आणि सेलेना नेमोरिन या अभ्यासकांनी २०१४ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता, की या खेळातून सतत कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवणे ही गोष्ट मुलांच्या अंगवळणी पडते. एका बाहुल्यामुळे मुलांचे फार काही बिघडेल असे मला वाटत नाही. परंतु जे वागणे आपण समजावून शिकवायचे, ते सांताच्या यादीच्या धाकाने करून घेणे हा आळस आहे आणि तो आळस मी स्वतः दोन आठवडे मनसोक्त केला, हेही कबूल करतो.

यावरचा उपाय मला कार्यालयातील एका डॅनिश सहकाऱ्याकडून मिळाला. डेन्मार्कमध्ये नाताळच्या दिवसांत घरात ‘निस्से’ नावाचा टोपीवाला बुटका येतो. जुन्या समजुतीप्रमाणे तो शेतघराच्या गोठ्यात किंवा माळ्यावर राहतो, आणि त्याला खूश ठेवण्यासाठी वर लोण्याचा गोळा घातलेली तांदळाची खीर ठेवावी लागते. ती विसरल्यास तो रागावतो. आजकाल तेथील पालक भिंतीच्या तळाशी बोटभर उंचीचे लाकडी दार चिकटवतात आणि रात्री हा बुटका त्यातून बाहेर येऊन बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधणे, दूध रंगवणे असले उद्योग करतो. तो कोणालाही अहवाल देत नाही. आम्ही दुसऱ्या वर्षापासून आमच्या एल्फची बदली त्या खात्यात केली: तो आता फक्त खोड्या काढतो, आणि मुलेही त्याच्यासाठी खोड्या रचून ठेवतात.

आता कामाचे बोलतो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी किंवा १ डिसेंबरला सुरुवात करणाऱ्यांना किमान २४ रात्री सांभाळाव्या लागतात, आणि त्यातल्या निम्म्या रात्री आपण दमलेले असतो. म्हणून पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेणारे काहीही करू नये. आमच्याकडे सर्वाधिक गाजलेल्या खोड्या अगदी स्वस्त होत्या: कुटुंबाच्या छायाचित्राच्या काचेवर पुसता येणाऱ्या पेनाने सर्वांना मिशा काढणे, केळ्यांवर डोळे रंगवणे, मुलाच्या दप्तरात बाबांचा मोजा कोंबणे. एकदा ओट्यावर तांदळाचे पीठ पसरून त्यात एल्फला बर्फात लोळवले आणि तेथून खोलीपर्यंत मुठीच्या कडेने इवली पावले उमटवली. मुलगा ती पाहून म्हणाला, ‘गौरीसारखी!’ भाद्रपदात दारापासून उमटवलेली गौरीची पावले त्याने पाहिलेली होती, त्यामुळे एल्फच्या पावलांबद्दल त्याला काहीच समजावून सांगावे लागले नाही. चकाकी, म्हणजे येथे ग्लिटर म्हणतात ती, घरात आणू नका. आमच्या गालिच्यात ती जूनपर्यंत निघत होती. बाहुला शेगडीवर, ओव्हनमध्ये किंवा तापणाऱ्या दिव्यावर बसवू नये, आणि मुलाला चढून पाहण्याचा मोह होईल इतक्या उंचावरही नको.

विसरायला होतेच. सकाळी साडेसहाला ‘तो हललाच नाही’ अशी हाक येते आणि आपल्या पोटात गोळा येतो. ‘काल बाहेर फार धुके होते’, ‘तुम्ही उशिरा झोपलात म्हणून त्याला निघता आले नाही’, अशी उत्तरे आधीच तयार ठेवावीत. ही व्यथा इतकी सार्वत्रिक आहे की आमच्या शेजारच्या कॉब काउंटीतील मुख्य न्यायाधीश रॉबर्ट लेनर्ड यांनी २०२१ मध्ये थकलेल्या पालकांना भेट म्हणून एल्फला हद्दपार करणारा गमतीचा आदेशच काढला होता.

स्पर्शाच्या नियमाने आमच्याकडे एकदा मोठा प्रसंग ओढवला. माझी आई सांगलीहून आली होती. तिने पिठाच्या डब्यातून निघालेला एल्फ पाहिला, ‘किती मळलाय हा’ म्हणत त्याला साबणाने खळखळून धुतला आणि चिमटे लावून न्हाणीघरात वाळत घातला. मुले शाळेतून आली आणि आक्रोश सुरू झाला. येथे अनेक घरी अशा वेळी एल्फजवळ थोडी दालचिनीची पूड ठेवून माफीचे पत्र लिहितात. आजीने मराठीत पत्र लिहिले, मुलांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि सकाळी एल्फ दुसऱ्या जागी कोरडा होऊन बसला, त्याच्या मांडीवर ‘आंघोळीबद्दल आभार, आजी’ अशी चिठ्ठी होती. आईने ती चिठ्ठी सांगलीला नेली आहे.

‘तो खरा आहे का?’ हा प्रश्न येईल. आम्ही ‘तुला काय वाटते?’ असे विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो. शपथेवर खोटे बोलत नाही. मोठी मुलगी आठ वर्षांची असताना थेट म्हणाली, ‘बाबा, चिठ्ठीतले अक्षर तुमचे आहे.’ मी मान्य केले. तिला थोडे वाईट वाटले, मग तिने विचारले की आज रात्री जागा कोण ठरवणार. तेव्हापासून धाकट्यासाठी ती ठरवते आणि माझ्या कल्पना बहुधा नापास करते. आपल्या मुलाला मात्र एवढे जरूर सांगा की त्याला काही शंका आली तर ती वर्गात न बोलता आधी घरी सांगावी. दुसऱ्या घरचा खेळ आपण मोडू नये. एल्फने भेटवस्तू आणू नयेत, हेही माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण वर्गात लगेच तुलना सुरू होते.

उशीर मुळीच झालेला नाही. आज रात्री आणलात तरी चौदा-पंधरा रात्री मिळतात, आणि पहिल्या वर्षासाठी त्या पुरेशा आहेत. तो खिडकीत बसवा, शेजारी चार ओळींची चिठ्ठी ठेवा: रस्ता चुकलो, आधी तुमच्या जुन्या पत्त्यावर भारतात जाऊन आलो, तेथे फार उकडत होते, माझे नाव तुम्हीच ठेवा. अक्षर डाव्या हाताने काढा.